आईची सुई आणि मॉस्कोची बातमी

ये गं केतकी, अशी जवळ बस. दाराशी टेकतेस ना चपला पायात ठेवून, त्याला बसणं म्हणत नाहीत, ती हजेरी झाली. एवढ्याशा सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून मरीन परेडला माझ्या घरी यायला तुला महिनामहिना सवड होत नाही, आणि आलीस की एक डोळा फोनवर. मागच्या खेपेला तूच विचारलंस, "आजी, तू शाळा का सोडलीस?" मी म्हटलं, बस, सांगते. तर तू "नेक्स्ट टाइम, आजी" म्हणत लिफ्टमध्ये शिरलीस. माझ्या वयाच्या बाईला नेक्स्ट टाइम म्हणतात का, बाळा? म्हणून लिहूनच ठेवते. मला मराठी लिहायला कुणी शाळेत शिकवलं नाही, आईने ताटात तांदळाचं पीठ पसरून बोटाने अक्षरं गिरवून घेतली तेवढंच. तेव्हा मी बोलते तसंच हे येणार. आणि यातलं काही गोड नाही, ते आधीच सांगते.

आम्ही राहायचो तो भाग आता तू लिटिल इंडिया म्हणून ओळखतेस, जिथे तुम्ही पोरं रविवारी डोसा खायला जाता. तेव्हा आम्हाला तो नुसता सरांगून रोड. खाली दुकान, वर राहायची खोली, असं लाकडी जिन्याचं घर. खाली मुरुगय्यांची मसाल्याची गिरणी होती. सकाळी धणे, दुपारी हळद, आणि मिरची दळायच्या आधी ते जिन्याखाली उभे राहून ओरडायचे, "अम्मा, मिरची!" की मी धावत खिडक्या लावायची, आईच्या नाकाला ओला पदर द्यायची. खोकणाऱ्या माणसाने मिरचीच्या गिरणीवर राहायचं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. पण भाडं परवडायचं, आणि मुरुगय्या माणूस चांगला. मागच्या गल्लीत म्हशींचे गोठे होते. तिथलं दूध आईसाठी यायचं, त्याला शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. संध्याकाळी शेवयांचं सूप विकणारा बांबूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर वाजवत जायचा, टॉक टॉक, टॉक टॉक. आई म्हणायची, हा आला म्हणजे आता अप्पा येतील. आणि खरंच त्याच्या मागोमाग जिना करकरायचा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गोदीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मूळचे मुंबईचे, तिथे लाल बावट्याखाली तरुणपण घालवलेले, बोटीवर काम धरून इथे आलेले, आणि मग आईला रत्नागिरीकडून बोलावून घेतलेली. अप्पांना देव नव्हता. आमच्या घरात गणपती आईचा आणि रशिया अप्पांचा. जेवताना सुरू व्हायचे: रशियात कुणी उपाशी झोपत नाही, रशियात औषधाला पैसे पडत नाहीत, रशियात बाई इंजिन चालवते. आई तांदळाची भाकरी थापता थापता म्हणायची, "मग सरळ तिथेच न्यायचं होतंत की. मधेच सिंगापुरात कशाला उतरवलंत?" अप्पा हसायचे. ते हसले की त्यांची मिशी एका बाजूने वर जायची. मला त्यांचं ते हसणं अजून दिसतं, आणि लिहिते ते खरं, ते दिसलं की माझा त्यांच्यावरचा राग मलाच सांभाळता येत नाही. ते प्रेमळ बाप होते गं. वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं.

त्या काळी इथे इंग्रजांचं राज्य, आणि लाल विचाराच्या माणसावर पोलिसांची नजर. घरात तसलं पुस्तक सापडलं तरी उचलून न्यायचे. म्हणून अप्पांनी पुस्तकं सगळी जाळली होती, पण रेडिओ ठेवला होता. एका मोडीत निघालेल्या बोटीवरचा, स्वतः दुरुस्त केलेला. स्टेशन नीट लागलं की त्यातला हिरवा दिवा मांजराच्या डोळ्यासारखा मिटत यायचा. संध्याकाळी, उकाडा असला तरी खिडक्या बंद करून, अगदी हळू आवाजात अप्पा मॉस्को लावायचे. इंग्रजीतलं त्यांना समजायचं. इथल्या वर्तमानपत्रातलं एक अक्षर ते खरं मानत नसत, कारण ते साहेबाचं. मॉस्को सांगेल ते मात्र काळ्या दगडावरची रेघ.

आईला रक्ताची गुळणी आली तेव्हा मी भांडी घासत होते. क्षय हा शब्द आमच्याकडे कुणी मोठ्याने उच्चारत नसे. सरकारी हॉस्पिटलात खाटा भरलेल्या, आणि तिथे गेलेलं माणूस परत येताना मुरुगय्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं की दोन गल्ल्यांपलीकडे एक गोरी डॉक्टरीणबाई आहे, हिंदी, चिनी, मलाय, कुणालाही बघते, घरी येऊन सुई देते. "रशियन आहे म्हणतात," ते म्हणाले. अप्पांचा चेहरा असा उजळला की आईला बरं वाटलंच म्हणून समजा! तसेच गेले आणि तिला घेऊन आले.

तिचं नाव फाइना. आई फाइनाबाई म्हणायची. उंच, हाडकुळी, करड्या केसांचा अंबाडा घट्ट बांधलेला, पायात पुरुषी बूट. तिचे आईबाप ज्यू. लहानपणी क्रांतीच्या धामधुमीत बापाबरोबर रशिया सोडून चीनमध्ये आली, तिथेच डॉक्टर झाली, आणि महायुद्धानंतर इथे. गोऱ्या डॉक्टरांच्या क्लबात तिला जागा नव्हती. धाकटा भाऊ मात्र तेव्हा मामाकडे मागे राहिला होता, तो मॉस्कोत लहान मुलांचा डॉक्टर झाला होता. अप्पांना रशियन भाषेतला एकच शब्द येत होता, तो त्यांनी जिन्यातच तिला ऐकवला, आपल्याकडे कॉम्रेड म्हणतात त्या अर्थाचा. तिने नासलेल्या दुधाचा वास आल्यासारखं तोंड केलं. "मी त्यांच्यातली नाही, मिस्टर," ती म्हणाली. अप्पांनी तो तिचा विनय समजला.

तिने छाती तपासली, फोटो काढून आणायला लावला, आणि आम्हाला बसवून सांगितलं. नवीन औषध निघालंय, सुईने द्यायचं, आणि त्याबरोबर कडू पुड्या. महिनोन्‌महिने. "बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. बरं वाटलं की माणूस फसतो," ती म्हणाली. "आणि कानात घूं असा आवाज येईल, उठताना घेरी येईल. ते औषधामुळे. घाबरू नका, मला सांगा." इंग्रजीत ती अप्पांना सांगायची, अप्पा मराठीत आईला. पण आई आणि फाइनाबाई यांची आपसातली भाषा वेगळीच होती. दोघींना बाजारातली मोडकी मलाय यायची, भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. साकित म्हणजे दुखतंय, माकान म्हणजे खा. एवढ्यावर त्या तासभर बोलायच्या. "साकित?" "नाही साकित. तुम्ही माकान." आणि आई तिच्यापुढे बशी सरकवायची. सांज्याची वडी, घावन, नारळाची चटणी. फाइनाबाई स्वतःचं पातेलं घेऊन यायची, त्यात सुई उकळत ठेवायची, आणि उकळेपर्यंत आमच्या चुलीपाशी बसून खायची. आई म्हणायची, "ही बाई घरी काही शिजवत नाही गं, हाडं बघ तिची. मला अंडी खा म्हणते आणि स्वतः हवा खाते." तिच्यासाठी आईने दुधाशिवाय चहा करायला शिकून घेतला, लिंबाची चकती टाकून. अप्पा तो चाखून म्हणाले, "काढा आहे." आई म्हणाली, "तुमच्या रशियाचाच आहे, प्या गुमान."

आणि मग गुरुवारची रीत पडली. इतर दिवशी ती सुई देऊन निघून जाई, पण गुरुवारी तिचा दवाखाना संध्याकाळी बंद असे. त्या दिवशी अप्पा तिच्यासाठी रेडिओवर रशियन भाषेतलं स्टेशन लावून द्यायचे. अप्पांना त्यातलं अवाक्षर कळत नसे, तरी देवळात बसावं तसे हात जोडल्यागत बसायचे. ती एका अप्पांनीच ठोकून केलेल्या खुर्चीवर, डोळे मिटून. मी एकदा विचारलं, "तुम्हाला ते लोक आवडत नाहीत, मग का ऐकता?" ती म्हणाली, "काय बोलतात ते मी ऐकत नाही. माझी आई बोलायची तो आवाज ऐकते." गाणं लागलं की बोटं मांडीवर हलायची. आईचा ताप उतरला होता, गाल भरत होते. कानात घूं व्हायचं, आई म्हणायची भुंगा पाळलाय मी. पण ती जिना उतरून मुरुगय्यांच्या बायकोशी गप्पा मारून येऊ लागली होती. मला विचारशील तर माझं बालपण म्हणजे ते गुरुवार. त्यापुढचं माझं बालपण नाही.

त्या गुरुवारीही चहा झाला होता. आईने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या, कितीतरी दिवसांनी तळणीचा वास घरात होता. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, तो माणूस नेहमीसारखा जड आवाजात वाचत होता. फाइनाबाईच्या हातात अर्धी करंजी. ती एकाएकी ताठ झाली. करंजीचं सारण तिच्या स्कर्टवर सांडायला लागलं तरी तिला कळेना. तो माणूस नावं वाचत होता, एवढं मलाही कळलं, यादी वाचतानाचा आवाज कुठल्याही भाषेत ओळखू येतो. एका नावाला तिच्या घशातून काहीतरी निघालं. मग ती उठली, आणि आजवर ज्या रेडिओला तिने कधी हात लावला नव्हता तो तिने बंद केला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. खरखर येत होती."

"नव्हती येत. स्वच्छ येत होतं."

ती आईजवळ गेली. तिच्या कपाळाला हात लावला, ताप आहे का बघतात तसा, पण तसाच ठेवून राहिली. "माकान," आई म्हणाली, बशीकडे बोट दाखवून. फाइनाबाईने मान हलवली, पिशवी उचलली, आणि पातेलं इथेच विसरून निघून गेली.

अप्पांना ते काही चैन पडू देईना. त्यांनी इंग्रजी कार्यक्रम लागेपर्यंत वाट पाहिली, आणि मग त्यांनीही ऐकलं. मॉस्कोत मोठमोठ्या डॉक्टरांना पकडलंय. बहुतेक ज्यू. परकीयांचे हस्तक होते म्हणे, औषधाच्या नावाखाली पुढाऱ्यांना मारत होते, आणखी मारणार होते. डॉक्टरांच्या वेशातले खुनी, असं तो रेडिओ म्हणाला. अप्पांनी आम्हाला एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलत गेला. "तिने बंद का केला?" ते म्हणाले. "आपल्याला कळू नये म्हणून. खरखर म्हणे."

आई म्हणाली, "अहो, तिचे लोक आहेत ते. भाऊ तिथलाच डॉक्टर. घाबरली असेल."

"निर्दोष माणूस घाबरत नाही."

"तुम्ही इथे खिडक्या लावून रेडिओ ऐकता ते काय मग? शौक म्हणून?"

मला वाटलं, आई जिंकली. पण अप्पांच्या डोक्यात यंत्र सुरू झालं होतं गं, फिटर माणूस, एक चाक दुसऱ्यात बसवत गेले. कानातला आवाज. घेरी. "आधीच सांगून ठेवलं होतं तिने, कानात घूं होईल. आधी सांगितलं म्हणजे मग कुणी संशय घेणार नाही! विषाचंच लक्षण आहे ते." आई म्हणाली, "विष देणारी बाई माझ्या घरचे घावन खाईल?" त्यावर अप्पा जे बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणाले, "मॉस्को खोटं बोलतंय असं मानलं, तर माझ्याजवळ उरतं काय?" रागाने नाही म्हणाले. रडवेल्या आवाजात म्हणाले. आई हसली, म्हणाली, "मी उरते की. आणि ही पोरगी. तुमच्या मॉस्कोला माझ्या छातीतलं काय ठाऊक?" पण अप्पांनी ऐकलं नाही. खरं म्हणजे ऐकलं, आणि तरी.

दुसऱ्या दिवशी सुईची वेळ झाली, तेव्हा अप्पा कामावरून लवकर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. मी त्यांच्या मागे दारात. फाइनाबाई खालून चढत आली, रात्रभर झोपली नसावी असे डोळे.

"आज नको, डॉक्टर," अप्पा म्हणाले.

"ताप आहे?"

"आज नको आणि उद्याही नको."

तिने वर बघितलं. मग तिला कळलं. "तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली.

"तुम्ही ऐकू देत नव्हतात. का बंद केलात?"

"कारण त्यातला एक जण माझ्या भावाचा गुरू आहे. ज्याने त्याला आजारी मुलाला हातात कसं धरायचं ते शिकवलं. मला ऐकवलं नाही." ती कठड्याला धरून उभी होती. "मिस्टर, तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर नसू दे. मला दारात उभं करू नका, ठीक आहे. पण दुसऱ्या कुणाकडून सुई घ्या. आजच. हे औषध मध्ये सोडायचं नसतं. रोग अर्धा मेला की तो औषधाला ओळखायला लागतो, मग पुन्हा मरत नाही. तुम्हाला समजतंय का मी काय सांगते?"

"मला सगळं समजतं," अप्पा म्हणाले.

आतून आईचा आवाज आला. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण फाइनाबाईची चाहूल कळली होती. "बाई, माकान! माकान!" ती बोलावत होती, करंज्या डब्यात ठेवल्या होत्या तिच्यासाठी. फाइनाबाईने तोंड फिरवलं. पिशवीतून औषधाच्या बाटल्यांचं खोकं काढून पायरीवर ठेवलं आणि उतरून गेली. अप्पांनी ते खोकं तसंच उचललं, मागच्या मोरीत एकेक बाटली फोडली, आणि वर पाणी ओतलं. ते काम त्यांनी फार काळजीने केलं. काच कुणाच्या पायाला लागू नये म्हणून तुकडे वेचून कागदात बांधले.

तू म्हणशील, दुसरा डॉक्टर का नाही केला? विचारते मीही स्वतःला, अजून विचारते. सरकारी दवाखान्यात एकदा गेले होते ते, तिथे नाव, गाव, नोकरी, मागचा सगळा इतिहास विचारायला लागले, आणि अप्पांच्या मागच्या इतिहासात पोलीस होते. परत आले. म्हणाले, बघू महिनाभर. आणि केतकी, त्या महिन्याने आमचा घात केला, कारण आईला बरं वाटायला लागलं. सुई थांबली तसा कानातला भुंगा गेला, घेरी गेली. ती तरतरीत दिसू लागली. अप्पा मुरुगय्यांना सांगायचे, गोदीत सांगायचे, भेटेल त्याला सांगायचे, "विष उतरलं. त्या बाईकडे कुणी जाऊ नका." आणि लोक ऐकायचे. अप्पांच्या शब्दाला त्या गल्लीत मान होता, गोदीच्या संपात ते सगळ्यांपुढे उभे राहिले होते ना! फाइनाबाईचा दवाखाना ओस पडला. मी एकदा मुद्दाम तिथून गेले. ती रिकाम्या बाकासमोर खुर्चीत बसली होती, दार सताड उघडं. मला बघून उठली. "संध्याकाळी ताप असतो का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. तिला आनंद झाला, खरंच झाला, आणि मग म्हणाली, "असेल तेव्हा मला सांगायला ये. मी जिन्यात उभी राहून सांगेन काय करायचं ते."

मग मॉस्कोतला तो सर्वांत मोठा पुढारी वारला. अप्पांनी दंडाला काळी फीत बांधली, शर्टाच्या आत, कुणाला दिसू नये अशी. दोन वेळ जेवले नाहीत. त्याच दिवसांत आईला संध्याकाळची कणकण सुरू झाली. पहिल्यांदा तिने ती माझ्यापासून लपवली, मग मी ती अप्पांपासून लपवली, आणि मग खोकला आला तो लपवता येईना. मुरुगय्यांनी मिरची दळणं बंद केलं, धंद्याचं नुकसान सोसून. मी शाळा सोडली ती तेव्हा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी रेडिओ म्हणाला की ते डॉक्टर निर्दोष आहेत. सगळे. कबुलीजबाब मारून मुटकून घेतलेले. त्यांना सोडून दिलं आहे. असं वाचलं त्याने, पाऊसपाण्याची बातमी वाचावी तसं. मी अप्पांकडे बघत होते. मला वाटलं हा माणूस आता कोसळेल. ते उठले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहरा, केतकी, चेहरा आनंदाचा होता. "ऐकलंस?" ते आईला म्हणाले. "जगात दुसरं कुठलं सरकार अशी चूक कबूल करेल? साहेब करेल? छाती लागते त्याला!"

आई भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलायला दम लागायचा तेव्हा. तरी बोलली. "छाती लागते खरी," ती म्हणाली. "माझी घ्या."

अप्पा धावत गेले आणि फाइनाबाईला घेऊन आले. ती आली गं. मी तिच्या जागी असते तर गेले असते का, मला सांगता येत नाही. तिचं पातेलं आमच्याकडेच होतं, त्यात तिने सुई उकळली. पुन्हा औषध सुरू झालं, रोज. फोटो काढला. ती फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ उभी राहिली, आणि अप्पांना इंग्रजीत म्हणाली, "आता रोग औषधाला ओळखतो." अप्पांनी ते मराठीत केलं नाही. आईने विचारलं, काय म्हणाली? ते म्हणाले, वेळ लागेल म्हणाली.

मग अप्पा घरोघर फिरले. गोदीत, गोठ्यात, गिरणीत. फाइनाबाई चांगली आहे, मॉस्कोनेच सांगितलंय, जा तिच्याकडे. मुरुगय्या म्हणाले, "जाऊ नका म्हणणारे तुम्हीच, जा म्हणणारे तुम्हीच. मी माझ्या नातवाला कुणाच्या शब्दावर नेऊ?" एकजणही गेला नाही. अगं, एकदा कुणाला विषारी म्हटलं की मग नाही म्हणून काही होत नाही. तुमच्या ग्रुपवर येतं ना, अमक्या दुकानातलं दूध असलं, तमक्या लोकांचे डॉक्टर तसले, आणि तू लगेच मला पाठवतेस, "आजी, बी केअरफुल." मी ते उघडतच नाही.

तिचा भाऊ सुटला होता. तोही धरला गेला होता, थंडीत कधीतरी, ते तिला नंतर कळलं. चुलीपाशी बसून तिने सांगितलं, आईला नाही, मला. तो त्याच्या हॉस्पिटलात परत गेला, खुर्ची तीच, कोट तोच दिला. आणि आया पोरांना घेऊन यायच्या, त्याला बघायच्या, आणि पोराला पदराआड धरून दुसऱ्या रांगेत जाऊन उभ्या राहायच्या. "त्याला मारलं त्याचं त्याला एवढं नाही," ती म्हणाली. "पोरं त्याच्याकडे बघून रडतात, त्याने तो घरी बसला." मग तिने सुई बाहेर काढली, हवेत धरून एक थेंब उडवला, आणि आईचा दंड हातात घेतला. त्या दंडावर आता टोचायला मांस उरलं नव्हतं.

आई दिवाळीच्या आधी गेली. शेवटी शेवटी सुई बंद झाली होती, तरी फाइनाबाई रोज यायची. आई तिला माकान म्हणायची, आणि मला करता येईल तसलं मी काहीतरी करून पुढे ठेवायची, करपलेलं, कच्चं, आणि ती आईच्या समोर बसून सगळं खायची, कारण आईला ते बघायचं असायचं. अप्पा दाराशी उभे असत. तिची माफी त्यांनी मागितली नाही. आईचीही नाही. मागितली असती तर त्यांना सगळंच सोडावं लागलं असतं, आणि तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं. मरेपर्यंत ते म्हणत राहिले, चूक झाली, पण त्यांनी कबूल केली. चूक कुणाची, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. बापलेकीत तेवढीच एक भिंत, पण खालपासून वरपर्यंत.

आई गेल्यानंतरच्या गुरुवारी ती आली. मला वाटलं पातेलं न्यायला आली. अप्पांनी खुर्ची पुढे केली, रेडिओकडे हात नेला, विचारलं, "लावू का?" ती म्हणाली, "नको. नुसती बसते." आणि बसली. खाली गिरणीत धणे दळत होते. मी चहा केला, त्यात लिंबू जास्त पडलं. तिने तो प्यायला. कुणी एक शब्द बोललं नाही, दिवेलागण होईपर्यंत. मग ती उठली, माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का बघितलं, आणि गेली. असे काही गुरुवार ती आली. मग दवाखाना चालेना म्हणून तिने तो बंद केला आणि ऑस्ट्रेलियाला कुणा लांबच्या नातलगाकडे निघून गेली. जाताना पत्ता दिला नाही, मी मागितला नाही. त्यानंतर मी आणि अप्पा, दोघंच, समोरासमोर जेवायचो, आणि मधल्या त्या खुर्चीत बसायला जगात कुणी नव्हतं.

केतकी, मला तुझ्याकडून सांत्वन नको, तू करायला गेलीस तर माझाच तोल जाईल. आईला आता मी वयाने कधीच मागे टाकलंय, माझ्यापुढे ती पोरगी दिसते, आणि ती पोरगी वाचली असती हे मला माहीत आहे. काही वर्षांनी दुःख मऊ होतं असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. एकटीच्या घरात ते समोर बसून असतं. तर तू ये. खायला काही आणू नकोस, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन येऊ नकोस, बोलायलाही पाहिजे असं नाही. नुसती येऊन बस. चपला काढून. येत्या आठवड्यातच ये गं.